स्क्रीन काळी पडली म्हणजे ग्राफिक्स कार्ड गेलं असं नाही

(भागाचा लेखी उतारा. बोलताना बटणं आणि आकडे पटापट येऊन जातात, म्हणून ते इथं नीट लिहून काढलेत. मोबाईल हाताशी ठेवा, निम्म्या टेस्ट त्याच्यावरच होतात.)



होम थिएटर म्हटलं की आपल्याकडं लोकांच्या डोळ्यांसमोर पाच स्पीकर आणि घुमणारा एक सबवूफर येतो. आज त्याबद्दल नाही. आज बोलायचंय ते टीव्हीच्या खाली बसलेल्या कॉम्प्युटरबद्दल. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, इकडं ओळखीच्या घरांत मला हा सेटअप वरचेवर दिसतो. कुठल्यातरी कंपनीच्या ऑफिसातून निघालेला छोटा डेस्कटॉप, सोलापूरहून नाहीतर पुण्याहून सेकंडहँड आणलेला. एका एचडीएमआय वायरनं टीव्हीला जोडलेला, सोबत बिनवायरीचा कीबोर्ड. सकाळी त्यावर आजीचं कीर्तन, दुपारी भावाची एमपीएससीची लेक्चर्स, रात्री सगळ्यांचा सिनेमा. एकच मशीन, आणि त्यावर अख्खं घर.

या मशीनची सगळ्यात कॉमन तक्रार म्हणजे ‘मधेच स्क्रीन जाते’.

ही तक्रार ‘पोटात दुखतंय’ असं सांगण्यासारखी आहे. दुखतंय हे खरं, पण अपचन, अपेंडिक्स आणि मुतखडा, तिन्हींत माणूस हेच सांगतो. डॉक्टर दाबून बघतो, विचारतो, मग ठरवतो. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र बऱ्याचदा दाबून न बघताच ऑपरेशन ठरतं: ‘कार्ड गेलं, नवीन टाका.’ चार-पाच हजार जातात, नवीन कार्ड बसतं, आणि पुढच्या आठवड्यात स्क्रीन पुन्हा काळी. घरात पैसे जपून वापरले जातात, त्यात हा खर्च वाया गेला की पुढच्या वेळी मशीन दुरुस्तच होत नाही, कोपऱ्यात पडतं. आणि भावाची लेक्चर्स मोबाईलच्या सहा इंचांवर येतात.

म्हणून आज फक्त एवढंच, की स्क्रीन गेली तर नेमकं काय गेलं हे पैसे खर्च करायच्या आधी ओळखायचं कसं.

स्क्रीन काळी आहे त्या वेळीच बघायच्या गोष्टी

आपण काय करतो? स्क्रीन गेली की पॉवर बटण दाबून धरतो. चालू झालं की सुटलो. पण त्यात सगळा पुरावा पुसला जातो. थोडा दम धरा.

आधी आवाज. आवाज एचडीएमआय वायरमधूनच टीव्हीत जात असेल, तर चित्राबरोबर आवाजही जातो आणि काहीच कळत नाही. म्हणून टेस्टपुरता कॉम्प्युटरच्या पुढच्या बाजूला साधा वायरचा इअरफोन लावा, खाली उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून आवाज तिकडं वळवा, आणि एखादी मोठी प्लेलिस्ट लावून ठेवा. आता स्क्रीन गेली की कान लावायचा. गाणं निवांत चालू असेल तर कॉम्प्युटर जिवंत आहे, फक्त चित्राच्या रस्त्यात गडबड आहे. आवाज अडकून टर्रर्र करत राहिला, तर अख्खं मशीन हँग झालंय. आणि आवाज, पंखा सगळं एकदम थांबून मशीन आपोआप पहिल्यापासून सुरू झालं, तर संशय पुरवठ्यावर, म्हणजे विजेवर किंवा एसएमपीएसवर.

मग टीव्हीचा रिमोट घ्या आणि मेनू दाबा. मेनू दिसला तर टीव्हीचं पॅनल ठीक आहे. ‘नो सिग्नल’ असं आलं तर कॉम्प्युटरकडून काहीच येत नाहीये. नो सिग्नल नाही पण चित्र काळंच, हा वेगळा प्रकार, त्याच्याकडं नंतर येतो.

कीबोर्डवर कॅप्स लॉकचा दिवा असेल तर ते बटण दाबून बघा. दिवा लागतो-विझतो म्हणजे विंडोज अजून ऐकतंय. तसं असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. एक बारीक बीप येते आणि ग्राफिक्स नव्यानं सुरू होतं. त्यावर चित्र परत आलं, तर बिघाड ड्रायव्हरच्या बाजूला आहे असं समजायला हरकत नाही.

आणि हे सगळं चालू असताना मोबाईलमधली वेळ बघून लिहून ठेवा. तारीख, तास, मिनिट. ही एक ओळ पुढं फार कामाला येते.

दोन सेकंदांचा हिशोब

स्क्रीन दोन-तीन सेकंद काळी होऊन आपोआप परत येते, हे बऱ्याच जणांनी पाहिलंय. जुन्या विंडोजमध्ये त्यानंतर खाली एक फुगाही यायचा, डिस्प्ले ड्रायव्हरनं काम थांबवलं होतं पण आता सावरलाय, अशा अर्थाचा. आत काय घडतं ते समजलं की बाकीचं सोपं जातं.

लग्नातली पंगत डोळ्यांसमोर आणा. यजमान वाढप्याला सांगतो, भात आण. वाढपी आत जातो. आता तो परतच आला नाही तर पंगत किती वेळ हात धरून बसणार? विंडोज हा यजमान आणि ग्राफिक्स चिप हा वाढपी. काम सोपवल्यावर, किंवा ‘हातातलं ठेव, हे दुसरं घे’ म्हटल्यावर, चिप दोन सेकंदांत हलली नाही तर विंडोज ती अडकली असं धरतं. चिप रिसेट करतं, ड्रायव्हर नव्यानं उभा करतं, आणि पंगत पुढं सुरू. या व्यवस्थेचं नाव टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी, थोडक्यात टीडीआर. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ती आहे. त्याआधी एक्सपीच्या काळात चिप अडकली की माऊससकट सगळं गोठायचं, मग बटण दाबून बंद करण्याशिवाय गत्यंतर नसायचं.

पण सहनशक्तीलाही मर्यादा ठेवलीय. एका मिनिटात पाचपेक्षा जास्त वेळा हे घडलं, किंवा रिसेट करूनही चिप उठलीच नाही, तर विंडोज निळी स्क्रीन दाखवून थांबतं. तिच्यावर ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ती दिसली की मोबाईलनं फोटो काढा, वाचत बसू नका, ती पळून जाते.

यूट्यूबवर एक उपाय फार फिरतो: रजिस्ट्रीत जाऊन ‘टीडीआर डिले’ दोनचा आठ किंवा दहा करा. ही सेटिंग ड्रायव्हर बनवणाऱ्यांच्या चाचण्यांसाठी ठेवलीय असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं. वाढपी आत चक्कर येऊन पडला असेल, तर यजमानानं दोनऐवजी दहा सेकंद वाट बघून काय होणार? स्क्रीन जास्त वेळ गोठलेली राहील, एवढंच. मी तरी त्या वाटेला जात नाही.

डायरी विंडोज स्वतःच लिहितं

आता ती लिहून ठेवलेली वेळ काढा. विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबा, येणाऱ्या चौकटीत पर्फमॉन, मग एक जागा सोडून स्लॅश आणि आरईएल असं इंग्रजीत टाइप करा आणि एंटर मारा. रिलायबिलिटी मॉनिटर उघडतो. तारखांचा एक तक्ता, त्यावर लाल फुल्या. आपल्या वेळेची फुली शोधा. आणखी तपशील हवा असेल तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, त्यात विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टीम.

सगळ्या नोंदी वाचायला गेलात तर घाबराल, कारण धडधाकट मशीनमध्येही लाल-पिवळ्या खुणा पोत्यानं असतात. आपल्याला दोन-तीनच नंबर हवेत. ‘डिस्प्ले’ या नावाखाली ४१०१ दिसला, तर वर सांगितलेलं दोन सेकंदांचं प्रकरण घडलंय. ‘कर्नल-पॉवर’ ४१ दिसला, तर मशीन नीट बंद न होता बंद पडलंय, म्हणजे वीज गेली, एसएमपीएसनं मान टाकली, किंवा तुम्हीच बटण दाबून धरलं. म्हणून म्हटलं की बटण दाबून धरू नका, नाहीतर ४१ चा अर्थच लागत नाही. ‘डब्ल्यूएचईए’ नावाची नोंद असेल तर हार्डवेअरनंच चूक कळवलीय.

आणि त्या वेळेला काहीच नोंद नसेल तर? ही सगळ्यात दुर्लक्षित खूण. गाणं चालू होतं, टीव्हीवर नो सिग्नल होतं, डायरी कोरी आहे, याचा अर्थ कॉम्प्युटरला काही झाल्याचा पत्ताच नाही. चोर बहुतेक वायरमध्ये किंवा टीव्हीच्या पोर्टात आहे.

लिनक्सवर कोडी चालवणाऱ्यांना हीच डायरी जर्नलसीटीएल या कमांडनं मिळते. त्यात जीपीयू हँग किंवा रिंग टाइमआउट असे शब्द शोधा.

एक तक्रार, दोन आजार

आता प्रत्यक्षातली केस सांगतो. माझ्या मामांचं घर नळदुर्गच्या अलीकडं, शेतातल्या वस्तीवर. मे महिन्यात मामांचा फोन आला. ‘अरे, टीव्ही सारखा काळा पडलालाय बघ. दुकानदार म्हणतोय कार्ड गेलंय, साडेपाच हजार लागतील. टाकू का?’

मी म्हटलं, ‘मामा, दोन दिवस थांबा. काळा पडला की फक्त वेळ लिहून ठेवा.’

मामेभावानं वहीत वेळा लिहिल्या आणि रिलायबिलिटी मॉनिटरचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. दोन्ही शेजारी ठेवल्यावर चित्र स्पष्ट झालं. दुपारी एक ते चारच्या दरम्यान जेव्हा जेव्हा स्क्रीन गेली, तिथं ४१०१. संध्याकाळी सातच्या आसपास गेली, तिथं ४१. दुपारी स्क्रीन जाऊन परत यायची, संध्याकाळी मशीनच पहिल्यापासून सुरू व्हायचं. घरच्यांसाठी दोन्ही एकच, ‘टीव्ही काळा पडला’.

आधी दुपार घेऊ. कॉम्प्युटर टीव्ही युनिटच्या खणात, पुढं काचेचं दार. धूळ जाऊ नये म्हणून दार कायम लावलेलं. आता मुद्दा असा, की चिप भोवतालच्या हवेपेक्षा किती अंशांनी जास्त तापणार हे तिचं काम आणि तिचा पंखा ठरवतात, आणि तो फरक साधारण तेवढाच राहतो. जानेवारीत खोली २२ अंशांना असताना सिनेमा बघताना चिप ६८ ला असेल, तर मेमध्ये खोली ४० ला गेल्यावर तोच सिनेमा बघताना ती ८६ च्या आसपास जाणार. हे उघड्यावर. काचेच्या दाराआड तीच गरम हवा पंखा पुन्हा पुन्हा ओढतो, मग कपाटातली हवाच पन्नाशीला जाते. प्रोसेसर असो की कार्ड, चिप आधी स्वतःचा वेग कमी करून बघते. पण जुनं कार्ड, वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट, जाळीत धुळीची गादी, अशा वेळी हिशोबात चुका होऊ लागतात, चिप अडकते, आणि दोन सेकंदांनी विंडोज तिला रिसेट करतं.

टेस्ट फुकटची आहे. दार उघडा, टेबलफॅन त्या खणाकडं तोंड करून लावा, आणि एक दुपार नेहमीसारखं वापरा. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर सुरू ठेवलं तर तापमान आकड्यात दिसतं. मामांकडं त्या दुपारी एकदाही स्क्रीन गेली नाही. मग काचेचं दार काढून ठेवलं, मागच्या प्लायला सुतारानं हात जाईल एवढं भोक पाडलं, आतली धूळ ब्रशनं आणि ब्लोअरनं काढली, पेस्ट बदलली. ब्लोअर मारताना एक लक्षात ठेवा: कार्डाचा पंखा बोटानं धरून ठेवायचा, हवेच्या जोरावर त्याला गरगर फिरू द्यायचं नाही, बेअरिंग जातं. आणि सगळं अर्थातच प्लग काढून.

संध्याकाळचं प्रकरण वेगळं. वस्तीवर विहिरीची मोटार आणि घर यांची लाईन एकाच डीपीवरून. मोटार सुरू होताना पहिल्या क्षणी नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. पंखा हळू होतो, बल्ब मलूल होतो, मग सगळं ठीक. खेड्यात वाढलेल्याला हे सांगायला नको. पण त्या क्षणात २३० व्होल्टचे १७० झाले तर कॉम्प्युटरच्या एसएमपीएसला काय होतं? त्याच्या आतले कपॅसिटर थोडी वीज साठवून ठेवतात आणि पुरवठा तुटला तर ती वापरून १६-१७ मिलिसेकंद तग धरतात. आपल्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे तग धरतात ते एका आवर्तनापेक्षाही कमी. आणि साठा व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असतो. साध्या, जुन्या धाटणीच्या एसएमपीएसमध्ये २३० चे १७० झाले की साठा जवळपास निम्म्यावर येतो. त्यात कपॅसिटर दहा वर्षांचे असतील तर बोलायलाच नको. टीव्ही मात्र तेवढा धक्का सोसतो, चालूच राहतो, आणि ‘नो सिग्नल’ दाखवतो. म्हणून घरच्यांना वाटतं डिस्प्ले गेला.

इथं स्टॅबिलायझर फारसा कामाचा नाही, कारण त्याचा रिले टक् करून बदलेपर्यंत व्हायचं ते होऊन जातं. बॅटरीवाला छोटा यूपीएस लागतो. मामांनी ६०० व्हीएचा घेतला, फक्त कॉम्प्युटरपुरता. कार्डाच्या निम्म्याहून कमी खर्च, आणि संध्याकाळचं ४१ बंद.

घरी इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको असं काही जण म्हणतील. इन्व्हर्टरच्या मागं किंवा बाजूला बहुधा एक बटण असतं, यूपीएस आणि नॉर्मल असं. नॉर्मलवर असेल तर लाईन गेल्यावर बॅटरीवर यायला तो जास्त वेळ घेतो, आणि तेवढ्यात कॉम्प्युटर बसतो. यूपीएसवर टाकून बघा. मात्र त्या मोडला कमी व्होल्टेज चालत नाही, थोडं घसरलं की तो बॅटरीवर येतो. ज्या गावात संध्याकाळभर व्होल्टेज कमीच, तिथं बॅटरी रोज रिकामी होईल. आणि इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर काही चांगले एसएमपीएससुद्धा त्याच्यावर चालायला कुरकुरतात.

अर्थिंगच्या खड्ड्यात शेवटचं पाणी कधी ओतलं?

हा प्रश्न मी मुद्दाम सगळ्यांना विचारतो आणि लोक हसतात. कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? एचडीएमआय लावताना बारीक ठिणगी दिसते? मग घरातलं अर्थिंग नावालाच आहे. खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरलेला असतो, पण माती कोरडी पडली की तिचा विरोध वाढतो, आणि आपला जिल्हा उन्हाळ्यात किती कोरडा पडतो हे मी सांगायला नको. टँकरच्या गावात खड्ड्यात पाणी ओता म्हणणं जिवावर येतं, पण भांडी धुतलेलं पाणी चालतं.

हे चित्राशी संबंधित कसं? कॉम्प्युटर एका प्लगवर, टीव्ही दुसऱ्या, डिशची वायर थेट गच्चीवरून. या तिघांच्या जमिनीच्या पातळीत फरक असला, तर तो फरक मिटवायला करंट जातो एचडीएमआय वायरच्या आवरणातून. सिग्नल तुटतो, कधी पोर्टच जळतो. टीव्ही आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, आणि तो बोर्ड खऱ्या तीन पिनांचा असू द्या. तिसरी पिन मोडून टाकलेले प्लग मी इतके पाहिलेत, की विचारू नका. वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की प्लग काढा आणि डिशची वायरही काढा, नुसतं स्विच बंद करून भागत नाही.

वायर

डायरी कोरी असलेल्यांसाठी. फोर-के चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचं तर एचडीएमआय २.० च्या वाटेनं १८ गिगाबिटपर्यंतची क्षमता लागते. तेच ३० वेळा पाठवलं तर जुन्या १.४ च्या १०.२ गिगाबिटमध्ये बसतं. रस्ता तोच, गाड्या दुप्पट. स्वस्तातली दहा मीटरची वायर भिंतीच्या पट्टीतून नेली असेल, तर ३० वर ती सुरळीत चालते आणि ६० वर दम टाकते. आधी पांढरे ठिपके चमकतात, मग क्षणभर काळं, मग परत. म्हणून डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ३० किंवा थेट १०८० करून बघा. त्रास थांबला तर वायर बदला, घेताना पाकिटावर ‘प्रीमियम हाय स्पीड’चं लेबल बघा, आणि जमेल तेवढी आखूड घ्या. सोन्याचा मुलामा वगैरेला जास्त पैसे देऊ नका.

जे क्रॅश नसतातच

कोडीमध्ये सिनेमा सुरू होताना आणि संपताना स्क्रीन दोन-तीन सेकंद काळी होते? तो बिघाड नाही. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, तुमचा डेस्कटॉप ६० चा. कोडीत रिफ्रेश रेट जुळवून घेण्याची सेटिंग चालू असेल तर तो टीव्हीला नवीन वेग सांगतो, आणि टीव्हीला गिअर बदलायला तेवढा वेळ लागतो. नको असेल तर सेटिंग बंद करा.

दुसरं, ओटीटीवर आवाज येतोय, मेनू दिसतोय, पण सिनेमाचा चौकोन काळा. हा बऱ्याचदा एचडीसीपी या कुलूप-किल्लीचा खेळ असतो. कॉपी होऊ नये म्हणून कॉम्प्युटर आणि टीव्ही आधी एकमेकांची ओळख पटवतात, मधे जुना स्प्लिटर किंवा अ‍ॅम्प्लिफायर असला तर ओळख पटत नाही. मधलं खोकं काढून थेट जोडून बघा.

ड्रायव्हर आणि फाईल

४१०१ येतोय, पण मशीन थंड आहे, वीज ठीक आहे. मग ड्रायव्हर. हा काही किरकोळ संशयित नाही. ‘व्हिस्टा केपेबल’ नावाच्या अमेरिकेतल्या खटल्यात २००८ साली मायक्रोसॉफ्टचे आतले ईमेल उघड झाले, त्यात २००७ मध्ये नोंदवलेल्या व्हिस्टाच्या क्रॅशपैकी २८ टक्क्यांहून अधिक एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या नावावर होते. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियानं १९६.७५ नंबरचा ड्रायव्हर मागं घेतला, कारण तो टाकल्यावर काही कार्डांचा पंखा नीट फिरेना आणि कार्ड तापायला लागलं. आता सांगा, हा आजार सॉफ्टवेअरचा म्हणायचा की हार्डवेअरचा?

त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडॅप्टरवर जाऊन रोल बॅक ड्रायव्हर करा. त्यानं भागलं नाही तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, सेफ मोडमध्ये चालवून जुनं सगळं झाडून काढा आणि चिपच्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर टाका. हे करताना इंटरनेट काढून ठेवा, नाहीतर मधेच विंडोज स्वतःच्या मनानं दुसरा ड्रायव्हर टाकून मोकळं होतं.

फक्त ठराविक फाईललाच स्क्रीन जाते? मग फाईल कशी बांधलीय ते बघा. इंटेलच्या चौथ्या पिढीतल्या प्रोसेसरला एच.२६४ सहज जमतं, पण एचईव्हीसीसाठी त्याच्यात वेगळं यंत्र नाही, सगळा भार प्रोसेसरवर. सहाव्या पिढीत साधं ८ बिटचं एचईव्हीसी आलं, १० बिटचं सातव्यात, आणि एव्ही१ अकराव्यात. ऑफिसातून निघालेली मशीनं बहुतेक चौथ्या ते सातव्या पिढीतली, त्यामुळं हा तक्ता लक्षात ठेवण्यासारखा आहे. उलटी टेस्टही करा: व्हीएलसी किंवा कोडीत हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करून तीच फाईल लावा. चित्र अडखळलं पण स्क्रीन गेली नाही, तर घोळ ड्रायव्हरच्या त्याच भागात आहे.

वेगळं कार्ड नसेल तर आणखी एक संशयित वाढतो, रॅम. बिल्ट-इन ग्राफिक्स स्वतःची मेमरी आणत नाही, मशीनच्या रॅममधलाच एक वाटा घेते. रॅमची पट्टी सैल किंवा काळवंडलेली असली तरी चित्रच फाटतं. प्लग काढून पट्टी काढा, सोनेरी दातांवरून शाळेतलं खोडरबर फिरवा, भुगा झटकून परत बसवा. जुन्या दुकानदारांची ही युक्ती अजूनही चालते. मग रात्रभर मेमटेस्ट८६ लावून ठेवा. एकही चूक निघाली तर पट्टी बदलायची.

कार्ड खरंच गेलं असेल तेव्हा

जातंच नाही असं नाही. मशीन चालू केल्याबरोबर, विंडोज यायच्या आधी, कंपनीच्या लोगोवरच रंगीत पट्टे किंवा चौकडी दिसली, तर तिथं ड्रायव्हरचा काही संबंध येत नाही. वायर आणि टीव्ही बदलूनही तेच दिसलं तर कार्ड गेलं. मशीनला स्वतःचं बिल्ट-इन ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून मागच्या दुसऱ्या पोर्टवर चार दिवस चालवून बघा, तोही पुरावा पक्का.

दुकानात जाताना तीन गोष्टी लिहून न्या. मशीनच्या एसएमपीएसवर छापलेले वॉट, कारण छोट्या ऑफिस डेस्कटॉपमध्ये ते बऱ्याचदा २०० च्या आसपासच असतात आणि वेगळी पॉवर वायर लागणारं कार्ड तिथं चालत नाही. कॅबिनेटची उंची, कारण बारीक कॅबिनेटला लो-प्रोफाईल कार्ड आणि तेवढीच आखूड पट्टी लागते. आणि तुम्ही कसल्या फाईल बघता ते. जीटी ७१० स्वस्त म्हणून गळ्यात मारलं जातं, पण त्याला एचईव्हीसी जमत नाही. जीटी १०३० ला १० बिटचंसुद्धा जमतं आणि ते ३० वॉटमध्ये चालतं. पण त्या एकाच नावानं दोन प्रकार विकले जातात, एक जीडीडीआर५ चा आणि एक संथ डीडीआर४ चा, खोकं जवळपास सारखंच. बिल करायच्या आधी खोक्याच्या मागची बारीक अक्षरं मोबाईलच्या टॉर्चमध्ये वाचा.